आरोपीचे कैवारी: बॅरिस्टर जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा



ज्युबिलीच्या स्मरणिकेत धर्मग्रामाचा इतिहास असावा, बैलगाडीतून व पायी हिंडून ज्यांनी ह्या मुलखात प्रभूची सुवार्ता आणली त्या धर्मगुरूंचे स्मरण असावे, शाळा व दवाखाने चालविणाऱ्या भगिनींविषयी चार कृतज्ञतेचे शब्द असावेत, हा शिरस्ता आहे. आणि तो ह्या पुस्तिकेत अन्यत्र पाळलेला वाचकांस आढळेल. आमच्याकडे एक चरित्र लिहिण्याचे काम आले, तेव्हा आम्ही एखाद्या संताचे किंवा मिशनऱ्याचे चरित्र लिहू अशी पुष्कळांची समजूत असावी. परंतु आम्ही निवडले ते एका वकिलाचे चरित्र. ह्याचे कारण प्रथम सांगितले पाहिजे.

आपल्या धर्मग्रामाने ह्या ज्युबिली वर्षात जळगाव व धुळे येथील न्यायालयांत गोरगरीब आरोपींची बाजू मांडणाऱ्या वकिलांचा सन्मान करण्याचे योजिले आहे. हा बेत जाहीर होताच दोघातिघा सज्जनांनी मिस्सा आटोपल्यावर आम्हांस गाठून विचारले की, चोराची, दरोडेखोराची व प्रसंगी खुनी मनुष्याची बाजू घेणाऱ्यांस मंदिराच्या आवारात हार घालावयाचे, हे कितपत योग्य आहे? प्रश्न प्रामाणिक होता. त्यास रागाने उत्तर देणे बरे नव्हे, आणि नुसत्या उपदेशानेही ते देता येणार नाही. म्हणून एका मनुष्याचे आयुष्यच उत्तरादाखल वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही ठरविले.

दुसरे कारण आमचे स्वतःचे आहे, आणि ते लपवून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही नुकतेच दीक्षित झालो असताना, सातपुड्याच्या पायथ्याकडील एक आदिवासी माउली आमच्या ओसरीवर येऊन बसली. तिच्या मुलास चोरीच्या आरोपावरून पकडून नेले होते. ती ख्रिस्ती नव्हती. तिला मराठी बेताचेच येत होते. आम्ही तिला भोजन दिले, भाड्यापुरते पैसे दिले, तिच्या मुलासाठी प्रार्थना करू असे आश्वासन दिले, आणि वाटेला लावले. मुलाने काही केलेच नसेल तर कायदा त्यास सोडील, आणि केले असेल तर आम्ही मध्ये पडणे उचित नव्हे, असा आमचा त्या वेळचा विचार. तो मुलगा जवळजवळ वर्षभर आत राहिला. पुढे न्यायालयाने नेमून दिलेल्या एका तरुण वकिलाने कागद नीट वाचले तेव्हा असे दिसून आले की, घटनेच्या दिवशी तो मुलगा ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात गेला होता. तो सुटला. परंतु बाप दरम्यान वारला होता, आणि घरची बैलजोडी विकली गेली होती. त्या माउलीस प्रार्थना व पैसे ह्यांबरोबर एक वकील हवा होता. आणि ती गोष्ट आमच्या ध्यानातही आली नव्हती. हे चरित्र लिहिताना ती ओसरी वारंवार आमच्या डोळ्यांपुढे आली आहे.

असो. आता चरित्राकडे वळू.

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईस माझगावातील माथारपाखाडी ह्या वाडीत झाला. ही वाडी अद्यापि आहे. अरुंद गल्ल्या, लाकडी जिने, कठडे असलेले व्हरांडे आणि मध्यभागी क्रूस, असे तिचे रूप मुंबईच्या गजबजाटातही बरेचसे टिकून राहिले आहे. बॅप्टिस्टा घराणे मूळचे भाईंदरजवळील उत्तन गावचे. पोर्तुगीज अमदानीत, सोळाव्या शतकापासून, साष्टी, वसई व मुंबई ह्या भागांतील जी आगरी, कोळी, भंडारी, कुणबी वगैरे कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांपैकी हा समाज. त्यांची घरची भाषा मराठी. लग्नातली गाणी मराठी. बायकांची लुगडी मराठी वळणाची. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्ण ज्युबिलीच्या वर्षी, ह्या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव धारण केले. तेव्हा एका ज्युबिलीचा ह्या चरित्राशी असाही संबंध आहे.

माझगावच्या सेंट मेरीज शाळेत त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांनी वनशास्त्राचा अभ्यास केला. तेथून सरकारी चाकरीचा सरळ रस्ता त्यांच्यापुढे होता, आणि त्या काळी मध्यम स्थितीतल्या कॅथलिक कुटुंबास मुलाची सरकारी नोकरी म्हणजे जन्माची निश्चिंती वाटे. परंतु त्यांचे मन त्यात रमले नाही. तिशी ओलांडल्यावर ते विलायतेस गेले, केंब्रिज येथील फिट्झविल्यम हॉलमध्ये राहून त्यांनी राज्यशास्त्राचा अभ्यास केला, आणि बॅरिस्टर होऊन १८९९ च्या सुमारास ते मुंबईस परतले. त्या दिवसांत आयर्लंडच्या स्वराज्याची चर्चा इंग्लंडात सर्वत्र चालू होती. आयरिश जनता बहुतांशी कॅथलिक. तिचे पुढारी डॅनियल ओकॉनेल हे स्वतः नामांकित बॅरिस्टर होते, आणि फाशीच्या छायेत उभ्या असलेल्या खेडुतांचे खटले त्यांनी लढविले होते. धर्माने कॅथलिक, धंद्याने वकील आणि वृत्तीने देशभक्त, ही तिन्ही अंगे एका मनुष्यात नांदू शकतात, हा धडा माझगावच्या ह्या तरुणास आयर्लंडच्या इतिहासाने दिला असावा असे आम्हांस वाटते.

मुंबईस परत आल्यावर त्यांनी उच्च न्यायालयात वकिली आरंभिली आणि मुंबई महानगरपालिकेच्या कारभारातही प्रवेश केला. लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह जडला तो अखेरपर्यंत टिकला. लोक त्यांस काका म्हणू लागले. हे नाव त्यांस प्रेमाने मिळाले होते, आणि त्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद नव्हता. त्या काळी पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे राजकारणापासून दूर राहत. राज्यकर्त्यांचा व आपला धर्म एक, तेव्हा त्यांच्या विरुद्ध बोलणे शोभत नाही, अशी एक समजूत प्रचलित होती. काकांनी ही समजूत वादाने खोडण्यापेक्षा आचरणाने खोडली.

वाचकहो, वकिलाची खरी परीक्षा केव्हा होते? अशील श्रीमंत आहे, लोकमत अनुकूल आहे, न्यायाधीश शांतपणे ऐकून घेत आहेत, अशा वेळी नव्हे. आरोपीशेजारी उभे राहणे हेच संशयास्पद मानले जाते, त्या वेळी होते. काकांच्या आयुष्यात ही वेळ प्रथम १९०८ साली आली.

त्या वर्षी ३० एप्रिल रोजी मुझफ्फरपूर येथे बाँबचा स्फोट होऊन केनेडी आडनावाच्या दोन निरपराध स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्यावर केसरीत जे लेख आले, त्यांवरून २४ जून १९०८ रोजी लोकमान्यांस मुंबईत अटक झाली व त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला. जामिनाचा अर्ज बॅरिस्टर महंमदअली जिना यांनी चालविला. न्यायमूर्ती दावर यांनी तो फेटाळला. हेच दावर १८९७ च्या खटल्याच्या वेळी टिळकांचे वकील होते, आणि त्यांनीच न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे टिळकांस जामीन मिळवून दिला होता! अकरा वर्षांत खुर्ची बदलली तसा न्यायही बदलला, असे लोकांस वाटले तर त्यांस दोष देता येत नाही.

सरकारपक्षाने विशेष ज्यूरीची मागणी केली. विशेष ज्यूरी म्हणजे बहुतेक युरोपियन पंच. टिळकांच्या बाजूने ह्या मागणीस विरोध करण्याचे काम काका बॅप्टिस्टांकडे आले. मुद्दा साधा होता, परंतु त्यात न्यायाचा गाभा होता. लेख मराठीत होते. त्यांतला शब्दांचा रोख, उपरोध, दुःख, इशारा, हे सर्व मराठी जाणणाऱ्यासच कळणार. ज्यांस ती भाषा अवगत नाही त्यांनी भाषांतरावरून लेखकाच्या मनातला हेतू ठरवावयाचा, हा कोठला न्याय? विरोध चालला नाही. विशेष ज्यूरी बसली. तिच्यात सात युरोपियन व दोन पारशी होते. १३ जुलैपासून २२ जुलैपर्यंत खटला चालला. लोकमान्यांनी आपला बचाव आपणच केला, आणि त्यांचे भाषण वीस तासांहून अधिक झाले. सरकारी भाषांतरकाराची त्यांनी जी उलटतपासणी केली, तीत एकेका मराठी शब्दावर झगडा झाला. अखेर सात विरुद्ध दोन अशा मतांनी पंचांनी त्यांस दोषी ठरविले, आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची व एक हजार रुपये दंडाची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यानंतर सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. टिळकांस ब्रह्मदेशातील मंडालेस नेण्यात आले.

ह्या खटल्यात काकांस यश आले नाही. पण भाषेविषयीचा तो मुद्दा आज खानदेशातही तितकाच जिवंत आहे, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. धुळ्याच्या वा जळगावच्या न्यायालयात पिंजऱ्यात उभा असलेला भिल्ल किंवा पावरा तरुण आपल्या बोलीत विचार करतो. अहिराणी बोलणारा शेतकरी आपल्या बोलीत उत्तर देतो. आणि कागदावर उतरते ती निराळीच मराठी. त्या दोहोंतल्या अंतरात कित्येकांचे आयुष्य अडकून पडते. ते अंतर ओळखून न्यायाधीशांच्या निदर्शनास आणणारा मनुष्य जवळ नसेल, तर निरपराधासही आपले निरपराधित्व सांगता येत नाही.

दुसरा प्रसंग याहून कठीण होता, आणि तो आपल्या शेजारच्या नाशिकचा आहे. आज आपण ज्या नाशिक धर्मप्रांताचे घटक आहोत तो १९८७ साली स्थापन झाला. ही गोष्ट त्याच्या पाऊणशे वर्षे आधीची. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन यांस अनंत कान्हेरे ह्या तरुणाने गोळ्या घालून ठार केले. जॅक्सन हे संस्कृताचे व्यासंगी होते आणि त्यांच्या निरोपानिमित्त तेथे शारदा नाटकाचा प्रयोग चालू होता. कान्हेरे व त्याचे दोन साथीदार ह्यांस १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. मनुष्यवध हे पाप आहे. पाचव्या आज्ञेस देशभक्तीची किंवा राज्यकारभाराची सवलत नाही. ही गोष्ट आम्ही येथे स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे पुढील मजकुराचा विपरीत अर्थ होणार नाही.

ह्या खुनानंतर धरपकड झाली, आणि नाशिक कट म्हणून जो खटला प्रसिद्ध आहे तो उभा राहिला. अडतीस आरोपी, त्यांत मुख्य विनायक दामोदर सावरकर. खटला १९०८ च्या नव्या कायद्यान्वये विशेष न्यायासनापुढे चालला. मुख्य न्यायाधीश सर बॅझिल स्कॉट, सर नारायण चंदावरकर व न्यायमूर्ती हीटन हे तिघे न्यायाधीश. ज्यूरी नाही. निकालावर अपील नाही. सारा मुलूख भ्यालेला. आरोपीच्या घरी कोण आले, कोण गेले, ह्यावर पोलिसांची नजर. आरोपींचे आप्तसुद्धा ओळख दाखविण्यास कचरत होते. अशा समयी सावरकरांच्या बचावासाठी जे वकील उभे राहिले त्यांत जोसेफ बॅप्टिस्टा हे प्रमुख होते. त्यांच्यासमवेत चित्रे, गोविंदराव गाडगीळ व रांगणेकर हे होते.

येथेही काकांनी मुळाशी जाणारा मुद्दा काढला. सावरकरांस लंडनमध्ये पकडून हिंदुस्थानात आणीत असता, ८ जुलै १९१० रोजी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात त्यांनी जहाजातून समुद्रात उडी टाकून किनारा गाठला होता, आणि फ्रेंच भूमीवर त्यांस पुन्हा धरण्यात आले होते. परक्या राज्याच्या भूमीवरून अशा रीतीने आणलेल्या मनुष्यावर खटला चालविण्याचा अधिकार ह्या न्यायासनास पोहोचतो काय, हा तो मुद्दा. न्यायासनाने तो मान्य केला नाही. आरोपी कसा आणला गेला ह्यामुळे आपल्या अधिकारास बाध येत नाही, असे त्याने ठरविले. पुढे हा वाद इंग्लंड व फ्रान्स ह्यांनी हेग येथील लवादाकडे नेला, आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी तेथेही निर्णय इंग्लंडच्या बाजूने लागला. परंतु तोपर्यंत नाशिकच्या खटल्याचा निकाल लागून गेला होता. डिसेंबर १९१० मध्ये सावरकरांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, जानेवारी १९११ मध्ये दुसऱ्या खटल्यात तशीच दुसरी. मिळून पन्नास वर्षे. इतर आरोपींपैकी पुष्कळांस कमीअधिक शिक्षा झाल्या, आणि काही सुटले.

सावरकरांची मते व बॅप्टिस्टांची मते एक होती असे मुळीच नव्हे. काकांचा मार्ग सनदशीर चळवळीचा, पिस्तुलाचा नव्हे. ते रविवारी मिस्सास जाणारे कॅथलिक. त्यांचा अशील निराळ्या विचारांचा. तथापि अशिलाचे मत आपल्या मताशी जुळते की नाही हे पाहून वकीलपत्र घ्यावयाचे, असे ठरले तर जगातल्या निम्म्या आरोपींस वकीलच मिळणार नाही. वैद्य रोग्याचा धर्म विचारून नाडी धरीत नाही. धर्मगुरू पाप लहान आहे की मोठे हे पाहून पापनिवेदनाच्या खिडकीशी बसत नाही. त्याचप्रमाणे वकील आरोपीशेजारी उभा राहतो तो त्याच्या कृत्याचा भागीदार म्हणून नव्हे, तर न्यायासनापुढे कोणाही मनुष्यास एकटे उभे करू नये ह्या नियमाचा राखणदार म्हणून.

आता ह्या दोन्ही खटल्यांचा हिशेब मांडला तर बॅप्टिस्टांच्या पदरी काय पडले? एका अशिलास सहा वर्षे, दुसऱ्यास पन्नास. धंद्याच्या दृष्टीने हा पराभवच. परंतु आम्हांस असे वाटते की, बचावाच्या वकिलाची योग्यता सुटलेल्या आरोपींच्या संख्येवर मोजू नये. ज्या न्यायासनापुढे कोणीही प्रश्न विचारला नाही, त्याचा निकाल बरोबर असला तरी तो न्याय ठरत नाही. आणि ज्या न्यायासनापुढे निर्भयपणे प्रश्न विचारले गेले, तेथे हरलेला प्रश्नही दप्तरात नोंदला जातो व पुढच्या पिढीस उपयोगी पडतो. काकांनी विचारलेले दोन्ही प्रश्न, आरोपीची भाषा न जाणणाऱ्यांनी त्याचा हेतू ठरवावा काय, आणि बेकायदा धरलेल्या मनुष्याचा कायदेशीर न्याय होऊ शकतो काय, हे आजही विधी महाविद्यालयांत चर्चिले जातात.

लोकमान्य १९१४ साली सुटून आले. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद टिळकांनी स्वतःकडे न घेता बॅप्टिस्टांकडे सोपविले. चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर झाले. मुंबई शहर वगळता महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत व वऱ्हाड हे तिचे क्षेत्र. अर्थात आपला खानदेशही, जो १९०६ साली पूर्व व पश्चिम अशा दोन जिल्ह्यांत विभागला गेला होता, तिच्या कक्षेत येत होता. स्वराज्याच्या मागणीसाठी महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या ह्या संस्थेचा पहिला अध्यक्ष माझगावचा एक कॅथलिक होता, हे आपल्या मुलांस शाळेत क्वचितच सांगितले जाते. १९१७ साली स्वराज्याची बाजू इंग्लंडच्या लोकांपुढे, विशेषतः तेथील मजूर पक्षापुढे, मांडण्यासाठी ते विलायतेस गेले. कोर्टात एका आरोपीसाठी जे करीत, तेच त्यांनी तेथे देशासाठी केले.

परत आल्यावर त्यांचे लक्ष कामगारांकडे अधिक वळले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरले. तिच्या संस्थापकांत काका होते, आणि १९२१ साली झरियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष तेच होते. आमच्या भागात अमळनेर व जळगाव येथील कापड गिरण्या आणि भुसावळचे रेल्वे कारखाने ह्यांवर ज्यांची चूल पेटली, त्यांच्या नातवंडांस ह्या संघटनेचे मोल सांगावयास नको. भुसावळातील पुष्कळ कॅथलिक कुटुंबे रेल्वेच्या निमित्तानेच तेथे आली. ह्या बाबतीत पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली श्रमिकांच्या हक्कांविषयी प्रसिद्ध केलेल्या परिपत्रकाची दिशा व काकांच्या कार्याची दिशा एकच होती, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

१९२५ साली मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्षपद, ज्यास पुढे महापौरपद म्हणू लागले, त्यांस लाभले. १९३० साली त्यांचे देहावसान झाले. शिवडीच्या दफनभूमीत ते विसावले आहेत. माझगावच्या टेकडीवरील पाण्याच्या टाकीवर जी बाग आहे तिला त्यांचे नाव दिले आहे. डॉकयार्ड रोड स्थानकाजवळून वर चढून गेले की ती लागते, आणि तेथून खाली बंदर दिसते. मुंबईस जाणाऱ्या आमच्या तरुणांनी एकदा तेथे जाऊन यावे. बागेत बसणाऱ्यांपैकी किती जणांस त्या नावामागचा मनुष्य ठाऊक असेल, ह्याची आम्हांस शंका आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. आरोपीचा कैवार घेणे ख्रिस्ती मनुष्यास शोभते काय?

पवित्र शास्त्र उघडून पाहावे. दानिएलाच्या पुस्तकात सुसान्ना नावाच्या साध्वीची कथा आहे. दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांनी तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आळ घेतला, लोकांनी त्यांच्या वयाकडे व मानाकडे पाहून विश्वास ठेवला, आणि तिला दगडमार करावयास निघाले. तरुण दानिएल आडवा आला. त्याने त्या दोघांस वेगवेगळे उभे केले आणि एकच प्रश्न दोघांस विचारला, की हे कोणत्या झाडाखाली घडले? एकाने एका झाडाचे नाव घेतले, दुसऱ्याने दुसऱ्याचे. उलटतपासणीचा हा सर्वांत जुना धडा असावा! योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम आपल्या सोबत्यांस विचारतो की, मनुष्याचे म्हणणे ऐकून न घेता आपले नियमशास्त्र त्यास दोषी ठरविते काय? त्यास टोमणे मारून गप्प बसविण्यात आले. आणि अखेर पिलाताच्या वाड्यात आपल्या प्रभूवर जो खटला चालला, त्यात त्याच्या बाजूने एकही मनुष्य उभा राहिला नाही. शिष्य पळाले होते. गर्दी ओरडत होती. ज्या ख्रिस्तसभेचा संस्थापक कैवाऱ्यावाचून मरणदंडास पात्र ठरला, तिने कैवाऱ्यांचा अनादर कसा करावा?

कैवारी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. मराठी शुभवर्तमानात पवित्र आत्म्यास हेच नाव आहे. मारियामातेसही आपण प्रार्थनेत आपली कैवारीण म्हणून हाक मारतो. आरोप करणारा म्हणून शास्त्रात ज्याचे वर्णन येते तो सैतान. बाजू घेणारा तो परमेश्वर. वकिलांचा आश्रयदाता म्हणून ख्रिस्तसभा ज्यास मानते तो संत ईव्ह हा फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताचा. तो १२५३ साली जन्मला व १३०३ साली वारला. तो वकील होता, धर्मसभेच्या न्यायालयाचा न्यायाधीश होता, आणि आमच्यासारखाच धर्मग्रामाचा पुरोहितही होता. गरिबांचे खटले तो मोबदल्यावाचून चालवीत असे, म्हणून त्यास गरिबांचा वकील हे नाव पडले. इतकेच नव्हे, ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या कायद्यातही, १९८३ च्या संहितेप्रमाणे, शिक्षेच्या खटल्यात आरोपीस वकील असलाच पाहिजे. त्याने नेमला नाही तर न्यायाधीशाने नेमून द्यावा, असा दंडक आहे.

आपल्या देशाच्या कायद्याची व्यवस्थाही आता तीच आहे. भारतीय संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाने अटक झालेल्या मनुष्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरविले. १९७८ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या होस्कोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्धन कैद्यास वकील पुरविणे आवश्यक असल्याचे सांगितले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याअन्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींचे लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती ह्यांस, उत्पन्न न पाहता, विनामूल्य वकील मिळतो. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालये स्थापन होऊ लागली. तेथील वकील पूर्ण वेळ आरोपींच्या बचावाचेच काम करतात. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत साधा अर्ज दिला की पुरे. वाचकांनी ही गोष्ट आपल्या वाडीपाड्यावर सांगावी. आमच्या ओसरीवर आलेल्या त्या माउलीस आम्ही एवढे सांगितले असते, तरी पुष्कळ झाले असते.

परंतु कायदा कागदावर असतो. पिंजऱ्याशेजारी मनुष्यच उभा राहावा लागतो. धुळ्याचा तुरुंग पुष्कळांस ठाऊक आहे तो १९३२ साली विनोबांनी तेथे कैद्यांपुढे दिलेल्या गीताप्रवचनांमुळे, जी साने गुरुजींनी उतरून घेतली. ते कैदी थोर होते व त्यांचे नाव राहिले. तुरुंगांत नाव न राहणारे कैदी अधिक असतात. त्यांच्या तारखा पडतात, जामीन मिळूनही हमीदार मिळत नाही, घरचे लोक भाड्याअभावी भेटीस येत नाहीत. त्यांच्यासाठी सकाळी एसटीने येऊन, फाटकी फाइल काखेत मारून, गावाकडच्या साक्षीदारास स्वतः फोन करून, मोबदल्याची फारशी आशा न धरता जे वकील उभे राहतात, त्यांस वर्तमानपत्रांत जागा मिळत नाही. मिळालीच तर शिव्या मिळतात. आपण ज्यांचा सन्मान करणार आहोत ते हे लोक. त्यांत ख्रिस्ती थोडे आहेत. हिंदू, मुसलमान, बौद्ध अधिक आहेत. ह्यात नवल मानू नये. काका बॅप्टिस्टांनीही अशिलाची जात व धर्म पाहिला नव्हता.

ज्यांचे घर फुटले, ज्यांचा माणूस मारला गेला, त्यांचे दुःख आम्ही विसरलो आहोत असे कोणी समजू नये. त्यांच्यासाठी सरकारी वकील उभा असतो, पोलीस असतात, राज्याचे सारे बळ असते. आणि ते असलेच पाहिजे. पण खरा गुन्हेगार सुटून भलत्यास शिक्षा झाली, तर त्या दुःखितांसही न्याय मिळत नाही. बचावाचा वकील आपले काम चोख करतो तेव्हा तो त्यांचेही काम करीत असतो.

सन्मानाच्या दिवशी मिस्सामध्ये आम्ही त्या वकिलांसाठी प्रार्थना करू, तुरुंगात असलेल्यांसाठी करू, आणि गुन्ह्यांनी ज्यांची घरे दुखावली त्यांच्यासाठीही करू. त्या माउलीचे गाव आम्हांस आठवते. तिला व तिच्या मुलास त्या दिवशी बोलावून आणण्याचा आमचा विचार आहे. ती येईल की नाही हे सांगता येत नाही. आली तर तिला पहिल्या बाकावर बसवावे, आणि तिच्या भाषेत तिच्याशी दोन शब्द बोलणारे कोणीतरी जवळ असावे, एवढी धर्मग्रामाच्या मंडळींस आमची विनंती आहे.